पावणेवीस ते सव्वाएकवीस

उत्तर कॅरोलिनातील रॉलीजवळच्या कॅरी गावात राहायला आल्यावर तीन वर्षांनी मी २०१७ सालची टोयोटा टॅकोमा ही पिकअप जुन्या बाजारातून घेतली. चार दारे, पाच फुटी हौदा आणि चारही चाकांना गती देणारी यंत्रणा असलेली ही गाडी मला सर्वार्थाने पसंत होती, फक्त तिचे उभे राहणे खटकत असे. बाजूने पाहिले की तिचे नाक खाली गेलेले आणि पाठ वर आलेली दिसे. समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूत पुढच्या बंपरखालची प्लॅस्टिकची पट्टी घासते, असे कारण मी घरात सांगत होतो. केप हॅटेरसच्या किनाऱ्यावर नॅशनल पार्क सर्व्हिसचा परवाना काढून, टायरमधली हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवून आम्ही वर्षातून एक-दोनदा जातो आणि तेथे ती पट्टी दोनदा घासली होती, हेही खरे. परंतु मूळ कारण डोळ्यांना न पटणे हेच होते, आणि ते कबूल करायला हरकत नाही.

गाडी अशी का उभी असते, हे मला ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र वरचा-खालचा आर्म, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला (चॅसीला) जोडणारे दांडे, आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगसकट शॉकअब्सॉर्बर असतो, तर मागे सरळ ॲक्सल आणि त्यावर पाटे असतात. हौद्यात माल भरला की जवळजवळ सगळे वजन पाट्यांवर येते आणि मागची बाजू खाली बसते. ती बसल्यावर गाडी समतल व्हावी म्हणून कारखान्यातच मागची उंची जास्त ठेवलेली असते. कराडला माझ्या मामांची टाटा ४०७ होती आणि ती गुळाचे रवे उतरवून परत येताना मागून अशीच उचललेली दिसे. मी हा बेत फोनवर सांगितला तेव्हा मामा म्हणाले, "अरे, रिकाम्या गाडीकडे बघून ती सरळ करू नकोस. माल भरल्यावर कशी उभी राहते ते बघ आधी." मी "हो मामा, बघतो," असे म्हणालो आणि बघितले नाही.

पहिले काम मोजमापाचे होते आणि ते मात्र मी नीट केले. जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे माप टायरमधल्या हवेवर आणि टायरच्या झिजेवर अवलंबून असते, म्हणून चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यायचे असते. आमच्या गॅरेजची फरशी पाणी वाहून जावे म्हणून दाराकडे उतरती केलेली आहे, त्यामुळे गाडी गॅरेजात न ठेवता रस्त्यापलीकडच्या सपाट वाहनतळावर नेली, पेट्रोलची टाकी अर्धी ठेवली, हौदा रिकामा केला आणि स्प्रिंगा आपापल्या जागी बसाव्यात म्हणून बंपरवर दोन-चारदा भार देऊन गाडी हलवून घेतली. पुढे डावीकडे पावणेवीस इंच, पुढे उजवीकडे सव्वावीस इंच आणि मागे दोन्हीकडे पावणेबावीस इंच अशी मापे आली. पुढची डावी बाजू उजवीपेक्षा अर्धा इंच खाली होती. टॅकोमा बाळगणाऱ्यांमध्ये हा डावा कल सुपरिचित आहे. येथे चालक डावीकडे बसतो आणि पेट्रोलची टाकीही डावीकडेच असते.

म्हणजे गाडी पूर्ण समतल करायची तर डावीकडे दोन इंच आणि उजवीकडे दीड इंच उचल हवी होती. वहीत हे आकडे लिहिलेले असतानाही मी दोन्ही बाजूंना सारखीच उचल देणारा संच मागवला, आणि पुढचा सगळा व्याप याच एका निर्णयातून निर्माण झाला.

उचलण्याचे तीन मार्ग माझ्यापुढे होते. शॉकअब्सॉर्बरसकट नव्या, अधिक ताठ स्प्रिंगा बसवणे हा सर्वांत उत्तम, आणि अर्थातच सर्वांत खर्चिक. दुसरा मार्ग म्हणजे ज्यांच्या नळीवर निरनिराळ्या उंचीच्या खाचा असतात असे शॉकअब्सॉर्बर घेऊन, स्प्रिंगची खालची बैठक वरच्या खाचेत बसवणे. यात जुनी स्प्रिंग आधीच जास्त दाबली जाते आणि गाडी वर येते, पण चाकाला खड्ड्यात खाली जाण्यासाठी उरणारी वाट तेवढीच कमी होते. शिवाय दाबलेली स्प्रिंग सोडवण्या-बसवण्यासाठी जो शिकंजा लागतो, तो निसटला तर हात तुटू शकतो, आणि ते काम घरी करण्याची माझी तयारी नव्हती. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त: शॉकअब्सॉर्बरच्या डोक्यावर, तो चॅसीला जेथे बसतो तेथे, ॲल्युमिनियमची जाड चकती बसवायची. या चकतीला सगळे स्पेसर म्हणतात. स्प्रिंगला हात लावावा लागत नाही आणि गाडीच्या चालीचा मऊपणाही जवळजवळ तसाच राहतो.

स्पेसरच्या जाडीचे गणित नवख्या माणसाला फसवते. स्प्रिंग खालच्या आर्मवर साधारण मध्यावर टेकलेली असते आणि चाक आर्मच्या टोकाला असते. त्यामुळे स्प्रिंगच्या जागी एक इंच वाढला की चाकाच्या जागी सुमारे दोन इंच वाढतात. दोन इंच उचल देणाऱ्या माझ्या संचातली चकती म्हणूनच एक इंच जाडीची होती. पेटी उघडल्यावर ती पाहून आपल्याला चुकीचा माल आला, असे मला क्षणभर वाटले होते.

ऑगस्ट २०२२ मधल्या एका शनिवारी सकाळी काम सुरू केले. आदल्या संध्याकाळीच सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले होते, कारण ही गाडी खाऱ्या वाळूत फिरलेली होती. मागच्या चाकांना लाकडी ओंडके लावले, पुढची बाजू जॅकने उचलून चॅसीखाली दोन घोड्या दिल्या आणि पुढची दोन्ही चाके एकाच वेळी काढली. दोन्ही एकाच वेळी काढण्याला कारण आहे: डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा स्वे बार एक बाजू लोंबकळत आणि दुसरी वजनाखाली असली की पिळला जातो आणि सोडवत असलेल्या भागांवर जोर देत राहतो. त्या बारचे दोन्हीकडचे दुवे सोडवल्यावर तो प्रश्न मिटला.

त्यानंतर वरचा बॉल जॉइंट, म्हणजे वरचा आर्म आणि चाकाचा भाग यांना जोडणारा गोळ्याचा सांधा. त्याच्या नटाची कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घातलेली वाकवलेली तार) काढून नट चार-पाच आटे सैल केला आणि तसाच आट्यांवर राहू दिला, म्हणजे जॉइंट सुटेल तेव्हा आर्म उसळून अंगावर येत नाही. तो सोडवण्यासाठी दोन दातांचा काटा मिळतो, पण त्याने जॉइंटचे रबर फाटते, हे एका शेजाऱ्यांनी आधीच बजावले होते. ते निवृत्त आहेत आणि त्यांच्या गॅरेजात माझ्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त व्यवस्था आहे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे जॉइंट ज्या लोखंडी भागात पाचरीसारखा रुतलेला असतो त्या भागाच्या कडेवर मोठ्या हातोडीचे घाव घातले. सहाव्या घावाला जॉइंट सुटला. सुटताच चाकाचा तो सगळा जड भाग, ब्रेकच्या चकतीसह, बाहेर कलतो आणि त्याचे वजन ब्रेकच्या नळीवर, चाकाचा वेग मोजणाऱ्या तारेवर आणि ॲक्सलच्या आतल्या सांध्यावर येते. ती नळी आणि तार यांच्या पकडी आधीच सोडवून, तो भाग मी दोरीने चॅसीला बांधून ठेवला होता. हे केले नाही तर ॲक्सलचा आतला सांधा ओढला जाऊन निखळू शकतो.

शॉकअब्सॉर्बरच्या डोक्यावर चौदा मिलिमीटरचे तीन नट असतात आणि मधोमध एक मोठा नट असतो. मधल्या नटाला हात लावायचा नाही. संपूर्ण दाबलेली स्प्रिंग त्याच्या जोरावर थांबलेली असते. मी त्या नटावर लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती. शेजारी ते पाहून हसले, पण दुपारनंतर दमलेल्या हाताचा काय भरवसा?

खालचा बोल्ट काढायला तासभर गेला. तो सांध्यातल्या रबरी अस्तराच्या, म्हणजे बुशच्या, आतल्या लोखंडी नळीला गंजाने धरून बसला होता आणि तेल, हातोडी आणि पितळी दांडा यांची आवर्तने करावी लागली. शॉकअब्सॉर्बर बाहेर आल्यावर चकती त्याच्या डोक्यावर बसवणे दहा मिनिटांचे काम होते. परत बसवणे मात्र तसे नव्हते, कारण आता तो एक इंचाने लांब झाला होता आणि खालचे भोक जेथे यायला हवे त्याच्या वरच अडत होता. आर्मवर लांब पहार टाकून शेजाऱ्यांनी वजन दिले, मी खालून बोल्ट सरकवला, आणि त्या वेळी ॲक्सलच्या सांध्यांवर ग्रीस राखणारे रबरी बूट ताणले जात नाहीत ना, याकडे एक डोळा ठेवला. डाव्या बाजूला चार तास लागले, उजवीला दीड.

रबरी बुश असलेला कोणताही बोल्ट गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचा नाही, ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. हवेत असताना आर्म खाली लोंबकळत असतो. त्या स्थितीत आवळला तर बुशचे रबर तेथेच पकडले जाते, गाडी खाली आली की ते कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून ते बोल्ट हाताने घट्ट करून ठेवले, चाके लावून गाडी जमिनीवर आणली, हलवून बसू दिली आणि मग खाली सरपटत जाऊन ते शेवटचे आवळले. चाकांचे नट टॉर्क पान्याने ८३ फूट-पौंडांवर, म्हणजे सुमारे ११३ न्यूटन-मीटरवर आवळले.

गाडी दोन दिवस चालवून स्प्रिंगा बसल्यावर मापे घेतली. डावीकडे पावणेबावीस, उजवीकडे सव्वाबावीस. डावी बाजू मागच्याशी तंतोतंत जुळली होती आणि उजवी मागच्यापेक्षा अर्धा इंच वर गेली होती. कल होता तेवढाच राहिला होता, फक्त आता तो दोन इंच उंचावर होता. चालवताना स्टिअरिंग हलके आणि भिरभिरते वाटत होते आणि महामार्गावर गाडी सतत सरळ धरून ठेवावी लागत होती.

अलाइनमेंट करून घेतले तेव्हा याचा उलगडा झाला. पुढची बाजू उचलली की आर्म खाली झुकतात आणि त्यासोबत चाकाचे तिन्ही कोन बदलतात. पुढून पाहताना चाक आत किंवा बाहेर कललेले असते तो कॅम्बर, वरून पाहताना दोन्ही चाकांची टोके एकमेकांकडे वळलेली असतात तो टो, आणि बाजूने पाहताना चाक ज्या अक्षावर वळते त्या अक्षाचा मागे झुकाव, तो कॅस्टर. गाडी सोडून दिल्यावर सरळ धावते ती मुख्यतः या कॅस्टरमुळे, आणि उचलल्यावर तोच कमी होतो. टॅकोमाच्या खालच्या आर्मच्या दोन्ही बोल्टांवर विकेंद्री, म्हणजे भोक मध्यावर नसलेल्या, चकत्या असतात आणि त्या फिरवून कॅम्बर व कॅस्टर दोन्ही साधायचे असतात. एकाला पुढे न्यावे तर दुसरा मागे येतो. कारागिराने तासभर खटपट केली आणि छापील कागद हातात दिला. त्यावर बाकी सगळे आकडे हिरव्यात होते, फक्त डावीकडचा कॅस्टर लाल होता. "चकत्या शेवटपर्यंत फिरवल्या, आता याहून जास्त मिळणार नाही, वरचे आर्म बदला," असे त्याने सांगितले. नवे वरचे आर्म म्हणजे स्पेसरच्या कितीतरी पट खर्च. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

हेडलाइटचे मला भानच राहिले नव्हते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव होता आणि मखराची लाकडी चौकट, दोन स्पीकर, जेवणाची पातेली आणि घडीची टेबले वाहून नेण्याचे काम दरवर्षीप्रमाणे पिकअपवाल्याकडे आले. हौद्यात सव्वातीनशे किलोंच्या आसपास माल होता. रात्री परतताना समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी मला दिवे मारत होती. माझे दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडत होते आणि पुढ्यातला रस्ता मात्र अंधारात होता. घरी पोचल्यावर माल न उतरवता टॉर्चच्या उजेडात माप घेतले: मागे साडेएकोणीस. पाटे सव्वादोन इंच बसले होते आणि गाडीचे नाक आता शेपटीपेक्षा डावीकडे सव्वादोन आणि उजवीकडे पावणेतीन इंच वर होते. मामांना फोन करावा असे वाटले, पण कराडला तेव्हा सकाळची कामाची वेळ होती, आणि खरे सांगायचे तर मला ते ऐकून घ्यायचे नव्हते.

या राज्यात ही केवळ दिसण्याची बाब नाही. नाक मुद्दाम वर आणि पाठ खाली करून पिकअप मिरवण्याची, कॅरोलिना स्क्वॉट नावाची एक टूम येथे होती आणि तिच्यामुळे चालकाला पुढचा रस्ताच नीट दिसत नसे. १ डिसेंबर २०२१ पासून उत्तर कॅरोलिनात पुढच्या मडगार्डची उंची मागच्यापेक्षा चार इंच किंवा अधिक असलेले, बदल केलेले वाहन रस्त्यावर चालवायला बंदी आहे. जमिनीपासून, चाकाच्या मध्यातून, मडगार्डच्या खालच्या कडेपर्यंत हे माप घेतात. मी रिकाम्या गाडीत त्या मर्यादेच्या जवळपासही नव्हतो, पण भरल्या हौद्याने उजवीकडून तिच्या सव्वा इंचापर्यंत आलो होतो, आणि हे मला स्वतःच्याच वहीवरून कळले.

दिव्यांचेही गणित नंतर मांडून पाहिले. या गाडीच्या दोन आसांमधले अंतर सुमारे १२७ इंच आहे. पुढची बाजू दोन इंच उचलली की संपूर्ण गाडी, आणि तिच्यासोबत दिव्यांचा झोत, एका अंशाच्या थोडा आत वर कलतो. पंचवीस फुटांवरच्या, म्हणजे ३०० इंचांवरच्या, भिंतीवर हा झोत पावणेपाच इंच वर जातो आणि दिवाच दोन इंच वर गेलेला असतो, ते वेगळे. त्यात मागची बाजू सव्वादोन इंच बसली की आणखी पाच इंचांची भर पडते. समोरच्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत पोचायला एवढे पुष्कळ झाले.

ऑक्टोबरमध्ये मी ते एक इंची स्पेसर काढून टाकले. या वेळी उद्दिष्ट वेगळे ठरवले: मागच्यापेक्षा पुढची बाजू अर्धा इंच खालीच ठेवायची, म्हणजे पुढे दोन्हीकडे सव्वाएकवीस इंच. त्यासाठी डावीकडे दीड इंच आणि उजवीकडे एक इंच उचल लागत होती, आणि निम्म्याचे गणित लावले की डावीकडे पाऊण इंचाची आणि उजवीकडे अर्ध्या इंचाची चकती. एकावर एक दोन चकत्या रचून पाऊण इंच साधता आला असता, पण चकत्यांच्या थराला धरणारे बोल्ट लांब होतात आणि त्यांच्यावर वाकवणारा जोर येतो, म्हणून दोन निरनिराळ्या जाडीच्या अखंड चकत्या मागवल्या. दुसऱ्या खेपेला सगळे बोल्ट अलगद सुटले, कारण ऑगस्टमध्ये गंज साफ करून त्यांच्या दांड्यांना ग्रीस लावलेले होते. बॉल जॉइंटच्या कॉटर पिना नव्या घातल्या. शॉकअब्सॉर्बर परत बसवताना पहार लागलीच नाही, नुसता पाय आर्मवर ठेवला तरी भोक जुळले. दोन्ही बाजूंना मिळून साडेतीन तास लागले आणि शेजाऱ्यांना केवळ चहापुरते बोलावले.

याच वेळी ॲक्सलचे बूट दिव्याखाली तपासले. दोन इंच उचलीच्या दोन महिन्यांत डाव्या बाहेरच्या बुटाच्या घड्या एकमेकींना घासून चकाकू लागल्या होत्या. भोक पडलेले नव्हते, ग्रीसही उडालेले नव्हते. नव्या उंचीवर त्या घड्यांमध्ये परत फट दिसू लागली.

अलाइनमेंटसाठी त्याच कारागिराकडे गेलो आणि दुसऱ्यांदा पैसे मोजले, तेही पहिल्याइतकेच. या वेळी दोन्हीकडचा कॅस्टर मर्यादेत बसला आणि विकेंद्री चकत्यांना थोडी जागाही उरली. हेडलाइटसाठी एका दुकानाच्या मागच्या भिंतीपासून पंचवीस फूट अंतरावर गाडी उभी केली, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर चिकटपट्टीने आखली आणि झोताची वरची कड त्या रेषेच्या दोन इंच खाली येईपर्यंत दिव्यामागचा स्क्रू फिरवला. हे मी हौद्यात वाळूच्या दोन पिशव्या ठेवून केले, कारण माझा हौदा पूर्ण रिकामा असा फारसा नसतोच.

शंभर मैलांनंतर चाकांचे आणि शॉकअब्सॉर्बरच्या डोक्यावरचे नट पुन्हा तपासले; वरच्या नटांपैकी एक किंचित फिरला, बाकीचे हलले नाहीत. नंतरच्या वसंतात हॅटेरसला गेलो तेव्हा बंपरखालची पट्टी घासली नाही, अर्थात त्या वर्षी वाळूही चांगली दबलेली होती. पुढच्या गणेशोत्सवात तेवढाच माल भरून माप घेतले, तेव्हा नाक शेपटीपेक्षा पावणेदोन इंच वर आले आणि परतीच्या वाटेवर एकाच गाडीने दिवे मारले.

सध्या पुढे उजवीकडे बरोबर सव्वाएकवीस आहे. डावीकडे एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी आहे, आणि टाकी भरली की ते दोन सूत होते.